रक्त वडिलांचं, निर्णय कुणाचा?

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका एकतीस वर्षांच्या, तेलुगू घरातल्या शिक्षिकेचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडील यंत्रमागावर कामाला होते. एक्केचाळिसाव्या वर्षी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी थरथरायला लागली, तुटलेला धागा जोडता येईना. जन्मभर बिड्या वळलेली आजी म्हणाली, "काय रे, तूसुद्धा बिड्या वळायला लागलास का?" वर्षभरानं पार्किन्सन्सचं, म्हणजे हालचालींवरचा ताबा हळूहळू सुटत जाणाऱ्या मेंदूच्या आजाराचं, निदान झालं. आज ते छप्पन्न वर्षांचे आहेत, गोळ्यांवर बऱ्यापैकी हिंडतात-फिरतात. त्यांच्या धाकट्या भावालाही चाळिशीच्या आसपास असंच सुरू झालं. घरच्यांनी "अंगावरून वारं गेलं" म्हणून सोडून दिलं, नीट तपासलं कधीच नाही. ते आता घरीच बसून असतात. आजी-आजोबांचं लग्न आते-मामे भावंडांतलं, पण त्या दोघांना असा काही त्रास झाला नाही.

आता डॉक्टरांनी सुचवलंय की पार्किन्सन्सच्या जनुकीय कारणांवर एक संशोधन चालू आहे, त्यासाठी वडिलांचं आणि जमलं तर मुलांचंही रक्त द्या. नेमकं याच वेळी हिच्या धाकट्या भावाचं लग्न सख्ख्या मामाच्या मुलीशी ठरलंय. आई म्हणते, "रक्तबिक्त काही द्यायचं नाही. खानदानी आजार म्हणून एकदा बोभाटा झाला की हे लग्न मोडेल आणि तुझंही जमणार नाही." भाऊ म्हणतो, थुंकीवरून जनुकं तपासायचा संच ऑनलाइन मागवू, गुपचूप बघू, काही निघालं नाही तर विषय संपला. ती विचारते: रक्त द्यावं का? मी माझी तपासणी करावी का? मामाला सांगायचं की नाही? लपवलं तर मन खातं, सांगितलं तर घर फुटेल.

ताई,

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे निर्णय आहेत. घरात ते एका दमात बोलले जाताहेत, म्हणून सगळेच धास्तावलेत. संशोधनाला रक्त देणं हा एक, स्वतःच्या शरीरात काय आहे ते जाणून घेणं हा दुसरा, आणि मामांशी बोलणं हा तिसरा. रक्त दिलं म्हणजे निकाल कळून घ्यायलाच हवा असं नाही. आणि रक्त दिलं नाही म्हणून मामांशी बोलायचं टळत नाही.

आईंना वाटतं की आजार रक्तात आहे म्हटलं की तो घरातल्या एकेकाला गाठणार. पार्किन्सन्सच्या बाबतीत बहुतेक घरांत असं होत नाही. शंभर रुग्णांमागे साधारण दहा-पंधरा जणांच्याच घरात आणखी कुणाला हा आजार असतो, आणि एकाच जनुकातल्या बिघाडामुळे आजार झाला असं ठामपणे म्हणता येईल असे रुग्ण पाच ते दहा. बाकीच्यांत वाढतं वय, अनेक जनुकांचे बारीकसारीक परिणाम, कीटकनाशकांसारख्या गोष्टींशी आलेला संबंध असं बरंच काही एकत्र येतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा ९० जनुकीय खुणा नोंदवल्या गेल्या, आणि त्यांतली प्रत्येक खूण धोका अगदी थोडासा कमी-जास्त करते. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार असेल तर आपली शक्यता इतरांच्या साधारण दोन-तीन पट होते हे खरं. पण मुळात इतरांची शक्यताच शेकडा एक-दोन. तिप्पट होऊनही बहुसंख्य मुलांना तो होत नाही.

तुमच्या घरची गोष्ट मात्र थोडी वेगळी दिसते, आणि ते तुमच्यापासून लपवून ठेवणं बरोबर होणार नाही. दोन सख्खे भाऊ, दोघांनाही चाळिशीच्या सुमाराला, आई-वडील मात्र निरोगी, आणि ते आई-वडील एकमेकांच्या नात्यातले. निदान करणं माझं काम नाही, पण हे वाचून तुमच्या डॉक्टरांनी रक्ताचं का सुचवलं ते समजतं.

१९९८ साली जपानी संशोधकांनी, कोवळ्या वयात आजार झालेल्या कुटुंबांच्या रक्तावरून 'पार्किन' नावाचं जनुक शोधून काढलं. पेशीला ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया खराब झाले की त्यांची वेळेवर विल्हेवाट लावायची असते. त्या कामाला पार्किन लागतं, आणि २००४ साली सापडलेलं 'पिंक-वन' हे जनुकही. हे काम अडलं की मेंदूतल्या, हालचालींसाठी लागणारं डोपामीन हे रसायन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. आता, प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पार्किनची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते आणि माणूस सहसा ठणठणीत राहतो. त्याला वाहक म्हणतात. दोन्ही बिघडलेल्या असल्या तर आजार होतो. आते-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच, त्यामुळे एकच बिघडलेली प्रत दोघांकडे वाहत आलेली असू शकते, आणि त्यांच्या मुलांत त्या दोन प्रती एकत्र येऊ शकतात. तुमच्या आजी-आजोबांना काही झालं नाही आणि त्यांच्या दोन मुलांना झालं, याचा मेळ असा लागू शकतो. लवकर वयात सुरू झालेला आणि भावंडांत दिसणारा पार्किन्सन्स असलेल्या युरोपातल्या कुटुंबांची २००० साली तपासणी झाली, तेव्हा जवळपास निम्म्या कुटुंबांत पार्किनमधला बिघाड निघाला. भारतातही तरुण रुग्णांत तो सापडलेला आहे.

तो निघालाच तर त्यात थोडा दिलासाही आहे. पार्किनमुळे होणारा आजार बहुधा सावकाश वाढतो, लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या नेहमीच्या औषधाच्या कमी डोसलाही चांगला प्रतिसाद देतो, आणि स्मरणशक्ती सहसा शाबूत राहते. गोळ्यांमुळे अंगाच्या अनावर हालचाली मात्र लवकर सुरू होऊ शकतात, तेव्हा तसं काही दिसलं तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता लग्नाचं. मला तुम्हाला एक विचारायचंय, कारण पत्रात त्याचं उत्तर नाही. तुमच्या आई-वडिलांचं लग्नसुद्धा नात्यातलं आहे का? सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरांत, आणि कितीतरी मराठी घरांतही, मामाची मुलगी करणं हा पूर्वापार रिवाज आहे. म्हणूनच हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

समजा आई नात्याबाहेरच्या आहेत, आणि वडिलांच्या पार्किनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. मग तुम्ही दोघं भावंडं वाहक असणारच, कारण वडिलांकडून तुम्हाला बिघडलेलीच प्रत मिळाली. पण मामांची मुलगी आईंच्या बाजूची. तिच्यात तोच बिघाड असण्याची शक्यता गावातल्या कुठल्याही मुलीइतकीच, म्हणजे फार कमी. वडिलांच्या आजारासाठी हे लग्न मोडायचं काही कारणच उरत नाही.

समजा आई वडिलांच्या नात्यातल्याच आहेत. मग आई वाहक असू शकतात, मामा असू शकतात, आणि मामांची मुलगीही. तुमचा भाऊ आणि ती, दोघंही वाहक निघाले तर त्यांच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक. शिवाय आई खरोखरच वाहक असतील तर तुम्हा दोघा भावंडांचं गणितही बदलतं. प्रत्येकाकडे दोन्ही बिघडलेल्या प्रती येण्याची शक्यता निम्मी होते.

आणखी एक प्रकार आहे, एकाच बिघडलेल्या प्रतीनं धोका वाढवणाऱ्या जनुकांचा. एलआरआरके-टू हे त्यातलं सगळ्यांत जास्त अभ्यासलेलं. ते मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी असते, पण बायको मामाची मुलगी आहे की बाहेरची यानं त्यात काही फरक पडत नाही. आणि ते आलं तरी आजार होतोच असं नाही. ऐंशी वर्षं जगून काहीच न झालेले वाहक पुष्कळ आहेत.

म्हणून पहिलं काम घरबसल्या करा. मोठा कागद घ्या आणि वंशावळ काढा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. कुणाला काय त्रास झाला आणि कितव्या वर्षी सुरू झाला ते शेजारी लिहा. आजी असतील तर त्यांच्याशेजारी बसा. कोण कुणाची आतेबहीण आणि कुणाचं लग्न कुणाच्या घरात झालं, हे म्हाताऱ्या बायकांना जेवढं खडान्खडा ठाऊक असतं तेवढं कुणालाच नसतं. जनुकीय समुपदेशक, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणारे तज्ज्ञ, पहिल्या भेटीत हेच चित्र काढतात, आणि अर्धी उत्तरं त्यातूनच मिळतात.

भावाच्या थुंकीच्या संचाला माझा साफ नकार आहे. असे संच सहसा मोजक्या, ठरावीक जागा तपासतात. त्यात एलआरआरके-टूमधला जो बदल बहुतेक वेळा बघतात तो उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर आणि अश्केनाझी ज्यू लोकांत बराच आढळतो, भारतीयांत क्वचितच. पार्किनमध्ये पुष्कळदा जनुकाचा एखादा आख्खा तुकडाच गळालेला किंवा दोनदा आलेला असतो. तो पकडायला वेगळी तपासणी करावी लागते आणि संचाला तो दिसतच नाही. 'काही निघालं नाही' असा कागद हातात आला तरी तुमच्या घरापुरता त्याला अर्थ नाही. पण त्याच कागदाच्या भरवशावर मामांना "सगळं ठीक आहे" असं सांगितलं जाईल, आणि माझी खरी भीती ती आहे.

रक्त द्यावं का, याचं माझं उत्तर हो आहे. या आजाराबद्दल आज जे कळलंय ते तुमच्यासारख्या घरांनी दिलेल्या रक्तामुळे कळलंय. दक्षिण इटलीतल्या कोन्तुर्सी गावचं मूळ असलेलं एक मोठं कुटुंब होतं, त्यात पिढ्यान्‌पिढ्या पार्किन्सन्स. त्यांच्या आणि काही ग्रीक कुटुंबांच्या रक्तावरून १९९७ साली आल्फा-सायन्यूक्लीन हे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकातला दोष सापडला. त्याच वर्षी दिसून आलं की रुग्णांच्या मेंदूत साठणाऱ्या गाठींत मुख्यतः हेच प्रथिन असतं, आणि ज्यांच्या जनुकात काहीच दोष नाही अशा रुग्णांतही. मूठभर घरांच्या रक्तानं जगभरच्या रुग्णांच्या आजाराचा धागा हाती लागला.

पण हे काम फार काळ बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरच झालं. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांचा तसा मोठा अभ्यास झाला तेव्हा, २०२३ साली, जीबीए-वन या जनुकात असा एक बदल सापडला जो युरोपियनांत जवळपास दिसतच नाही. इतरांच्या रक्तात तो कितीही शोधला असता तरी मिळाला नसता. आपल्याकडची घरं, पिढ्यान्‌पिढ्या नात्यात लग्नं झालेली घरं, या नोंदींत अजून कमी आहेत. तुमच्या वडिलांचा एक नमुना मोलाचा आहे तो यासाठी.

याच जीबीए-वनची आणखी एक गोष्ट सांगते. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या की गोशेर नावाचा दुर्मीळ आजार होतो. गोशेरच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की या मुलांच्या आई-वडिलांत, आजोबांत पार्किन्सन्स जरा जास्तच दिसतोय. त्या निरीक्षणामागे गेल्यामुळे आज अँब्रोक्सॉल या औषधाची पार्किन्सन्ससाठी ब्रिटनमध्ये मोठी चाचणी चालू आहे. अँब्रोक्सॉल म्हणजे तुमच्या-आमच्या घरातल्या खोकल्याच्या बाटलीतलं औषध, आणि त्याचं मूळ आपल्या अडुळशातल्या एका रसायनात आहे. ते पार्किन्सन्सवर गुणकारी असल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही. तेव्हा वडिलांना खोकल्याचं औषध किंवा अडुळशाचा काढा सुरू करू नका. खाजकुयलीच्या चूर्णाचंही तसंच. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणूनच ते डॉक्टरांना न सांगता गोळ्यांसोबत घेणं धोक्याचं.

एक गोष्ट मात्र आताच स्पष्ट सांगते, म्हणजे पुढे मन मोडायला नको. या संशोधनातून वडिलांच्या गोळ्या उद्या बदलतील असं नाही. कदाचित कधीच काही परत कळवलं जाणार नाही.

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. आईंचं मत आहे, भावाचं आहे, डॉक्टरांचं आहे, तुमची घालमेल तर ओळीओळीत आहे. वडील काय म्हणतात ते कुठेच नाही. रक्त त्यांचं आहे. आजार पंधरा वर्षं त्यांनी अंगावर काढलाय. त्यांचं बोलणं हळू झालं असेल, चेहऱ्यावर भाव उमटत नसतील. पार्किन्सन्समध्ये ते होतं, आणि घरचे नकळत समजू लागतात की यांना काही विचारायलाच नको. विचारा. गोळी लागू पडलेली असते, अंग मोकळं असतं, अशा वेळी त्यांच्याजवळ बसा. डॉक्टर काय म्हणाले ते घरच्या भाषेत, तेलुगूत सांगा, आणि उत्तरासाठी थांबा. वेळ लागला तरी मधेच त्यांचं वाक्य पुरं करू नका. ते नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तर त्यांच्या रक्ताबद्दल नाही म्हणायचा हक्क आईंना नाही, तुम्हाला नाही आणि मलाही नाही.

ते तयार झाले तर संमतिपत्रावर सही करण्याआधी ते घरी आणून वाचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ते समजेल अशा भाषेत मिळायला हवं, एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी, आणि केव्हाही माघार घेता यायला हवी, तीही उपचारांवर परिणाम न होता. नमुन्यावर नाव असणार की सांकेतिक क्रमांक? तो परदेशी जाणार का, किती वर्षं ठेवणार? या आजाराशी संबंध नसलेलं काही सापडलं तर सांगणार का? निकाल कळवणार असतील तर तो अधिकृत प्रयोगशाळेत पुन्हा पडताळणार का? हे तोंडी विचारू नका, कागदावर लिहून न्या. आणि संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या नैतिकता समितीचा फोन नंबर त्या कागदावर आहे ना ते बघा. कुणी संशोधनाच्या नावाखाली पैसे मागितले तर तिथेच थांबा. फवारणीची औषधं, डोक्याला झालेल्या दुखापती असले प्रश्नही विचारतील, त्यांची खरी उत्तरं द्या.

आईंची बोभाट्याची भीती मी हलक्यात घेत नाही. पेठेत बातमी कशी पसरते ते मला ठाऊक आहे. पण ती पसरते ती शेजारपाजारच्या बोलण्यातून. क्रमांक घातलेल्या नळीतून नाही. आणि तुमच्या वडिलांचा हात पंधरा वर्षं सगळ्या गल्लीनं बघितलाय.

आता तुमची स्वतःची तपासणी. घाई करू नका. आज तुमच्यात काही निघालं तरी आजार टाळणारं सिद्ध औषध कुणाकडे नाही. नियमित व्यायाम चांगला, तो निकालाशिवायही करता येतो. आधी वडिलांची तपासणी, उपचारासाठी म्हणून, संशोधनापेक्षा वेगळी. त्यांच्यात नेमका बिघाड सापडला तरच तुमच्यात काय शोधायचं ते कळतं. तो सापडेपर्यंत तुमच्या रक्तात काही न निघणं म्हणजे काहीच न कळणं. तो सापडला, आणि तुम्हाला जाणून घ्यावंसं वाटलं, तर जनुकीय समुपदेशकाला भेटून मग ठरवा. न जाणून घेणं हासुद्धा शहाण्या माणसाचा निर्णय असू शकतो. भावाचं मात्र वेगळं आहे. त्याचं लग्न तोंडावर आहे आणि आई-वडील नात्यातले निघाले तर त्यानं आणि त्या मुलीनं लग्नाआधी समुपदेशकाकडे जायलाच हवं. नात्यातलं लग्न आहे म्हटल्यावर ते थॅलेसेमियासारख्या, आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारांचीही विचारपूस करतील, तेही बरंच.

मामांना सांगायचं का? ताई, मामा तुमच्या आईंचे सख्खे भाऊ आहेत. मेहुण्यांचा आजार त्यांना माहीत नाही असं कसं होईल? त्यांना माहीत नसेल ते एवढंच, की तो घरातून आलेला असू शकतो. ते सांगायला तुम्ही पुढे होऊ नका. वंशावळ काढून झाली, समुपदेशकाशी बोलणं झालं, की भावानं आणि आईंनी जावं, आणि सगळ्यांत आधी त्या मुलीशी बोलावं. मुलं तिला होणार आहेत. "बाबांचा आजार घरातून आलेला असू शकतो, आम्ही तपासतोय, डॉक्टर असं-असं म्हणाले, तुलाही त्यांना भेटायचं असेल तर सोबत चल." एवढंच पुरे. अर्धवट माहिती घेऊन आज रात्रीच धावत जाऊ नका, आणि अक्षता पडेपर्यंत थांबूही नका.

समुपदेशनासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तर वंशावळीचा कागद आणि वडिलांच्या गोळ्यांची वेळेनुसार यादी सोबत ठेवा. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी लवकर निघते, त्या गडबडीत त्यांची सकाळची गोळी चुकवू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी. घरच्यांनी काय काय सोसलंय ते तिथल्या लोकांना नव्यानं समजावून सांगावं लागत नाही. आईंना एकदा तिथे बोलू द्या.

आणि तुमचे काका. तुम्ही त्यांच्यावर तीन ओळी लिहिल्यात आणि पुढे गेलात. पन्नाशीच्या आसपासचा माणूस, भावासारखीच लक्षणं, आणि इतकी वर्षं एकही गोळी नाही. जनुकात काय आहे ते कळायचं तेव्हा कळेल. त्यांना आधी न्यूरॉलॉजिस्टनं, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञानं, तपासायला हवं, आणि निदान पक्कं झालं तर ज्या गोळ्यांवर तुमचे वडील हिंडतात-फिरतात, त्याच त्यांनाही मिळू शकतात. वडिलांच्या पुढच्या तारखेला त्यांनाही सोबत घेऊन जा. तारीख लांबची असेल तर त्यांच्यासाठी वेगळी, जवळची घ्या.